सत्तेचाळीस एकर आणि एक कोंबडी

माझ्या बायकोची सत्तेचाळीस एकर जमीन मी एका सोमवारी सकाळी, दात घासून झाल्यावर आणि चहा यायच्या आत, उजव्या हाताच्या अंगठ्याने उडवली. अंगठ्याने जमीन जाण्याचे प्रकार आमच्या भागात पूर्वीही झालेले आहेत. पण त्या अंगठ्यांना निदान शाई लावलेली असायची, आणि अंगठेवाले निरक्षर तरी असायचे. मी एम.ए. आहे. राज्यशास्त्र, दुसरा वर्ग.

जमीन मोबाइलमधली होती हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच हळहळाल. ‘हिरवं शिवार’ नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. त्यात पेरायचं, पाणी द्यायचं, म्हशी धुवायच्या, माल बाजारात न्यायचा. जी कामं चुकवण्यासाठी आमच्या दोन पिढ्या शिकल्या, तीच कामं माझी बायको मंजुश्री सव्वातीन वर्षं रोज दुपारी भांडी आवरल्यावर एका बोटाने करत होती. तिच्याकडे एकोणीस म्हशी होत्या, दोन विहिरी होत्या, पिवळा ट्रॅक्टर होता आणि वर्षातून एकदाच फळणारं एक जांभळाचं झाड होतं, ज्याच्याबद्दल ती माझ्या रक्तदाबापेक्षा जास्त आपुलकीने बोलत असे.

झालं असं, की तिच्या फोनमधली जागा संपली. ती म्हणाली, “अहो, नातेवाइकांचे शुभ सकाळचे फोटो जरा काढून टाका की.” काम एवढंच होतं. पण सुशिक्षित माणसाला एवढंच काम करता येत नाही. मी फोटो पाहिले. गुलाब, उगवता सूर्य, चहाचा कप, पुन्हा गुलाब. प्रत्येकामागे एकेक मावसभाऊ उभा दिसला. नाती तोडायला माझं मन होईना. मग लक्षात आलं, की सगळ्यात जास्त जागा त्या शिवारानेच धरली आहे. आणि शिवार तर ऑनलाइन! म्हणजे ते फोनात नसतंच. ते सर्वरवर असतं. इथून काढायचं, पुन्हा घ्यायचं, जसंच्या तसं परत येतं. या विषयावर मी सीमाभागातल्या आमच्या चिटगुप्प्याच्या कॉलेजात, शिक्षकांच्या खोलीत, दोनदा बोललेलो आहे. कुणी विचारलं नव्हतं, तरी बोललो होतो.

मी काढलं. पुन्हा घेतलं. मंजुश्री चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर तुतारी वाजत होती आणि फेटा बांधलेला एक चित्रातला म्हातारा हात जोडून म्हणत होता, “या, नवीन शेतकरी! ही घ्या अर्धा एकर जमीन आणि एक कोंबडी.”

मंजुश्रीने कोंबडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या दोन पाहण्यांत मला तरी काही फरक जाणवला नाही.

“माझ्या म्हशी?” ती म्हणाली.

“येतील. नेट स्लो असेल.”

“एकोणीस म्हशी हायत. चालत जरी यायल्या तरी आतापतूर यायला पायजेत.”

त्या नव्हत्या यायच्या. आणि त्या का नव्हत्या यायच्या, याचं मूळ माझ्याच कर्तबगारीत होतं. सव्वातीन वर्षांपूर्वी हा फोन आम्ही कलबुर्गीहून आणला तेव्हा त्याची भाषा कानडी लावलेली होती. खेळ पहिल्यांदा उघडला तेव्हा दोन बटणं आली. एकावर कानडीत लिहिलं होतं, ‘खाते जोडा’. दुसऱ्यावर, ‘अतिथी’. तो काळ आठवा. गॅसवाला म्हणे खातं जोडा, रेशनवाला म्हणे खातं जोडा, आणि खातं जोडलेल्या एका मुख्याध्यापकांचं खातं कुण्या भामट्याने धुऊन नेलेलं. मी मंजुश्रीला अभिमानाने सांगितलं, “बघ, म्हशींच्या नावाखाली बँकेचं खातं मागायलेत. आपण फसायचं नाही.” आणि ‘अतिथी’ दाबलं. मनात म्हटलं, आपल्याकडे पाहुण्याचा मान जास्तच ठेवतात.

सकाळी दहा वाजता मी मडिवाळप्पाच्या दुकानात होतो. मडिवाळप्पा बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावून तो फोनाकडे बघतो आणि भिंग न काढताच गिऱ्हाइकाकडे बघतो, त्यामुळे समोर गेल्यावर आपण फारच बारीक असल्याची भावना होते.

“सर,” तो म्हणाला, “डाटा लोकल था की सर्वर पे था?”

“लोकल कसा असेल? चांगल्या कंपनीचा खेळ आहे.”

आमच्या बाजारात ‘लोकल’ म्हणजे दोन धुण्यांत रंग सोडणारा माल. त्याने भिंग काढलं. हे तो फक्त मयताची बातमी सांगताना करतो.

“लोकल म्हंजे फोनातच ठेवलेला, सर. खातं जोडलं की डाटा कंपनीच्या सर्वरवर जातो. गेस्टचा डाटा फोनातच ऱ्हातो. पाव्हण्याची पिशवी कुटं आसती? पाव्हण्याच्याच हातात. तुमी पाव्हण्याला घालवलं, पिशवी बी गेली.” मग सांत्वनासाठी दखनीत, “फिकर नक्को करो सर. मुर्गी तो है.”

आता इथे तुम्ही म्हणाल, खेळ तो खेळ, गेला तर गेला. मी हेच मंजुश्रीला म्हणालो. म्हणायला नको होतं.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे भाजी निवडत राहिली आणि म्हणाली, “रविवारी मेळा हाय.” मेळा म्हणजे त्या खेळातली वर्षातली मोठी बाजारपेठ. मंजुश्रीची तिथे अकरा बायकांची एक गावकी होती, नाव ‘सीमा भगिनी मंडळ’. औरादची तुळजा, कडगंचीला विद्यापीठाच्या बाहेर चहाची टपरी चालवणारी धनलक्ष्मी, उदगीरच्या दोघी, बाकीच्या इकडच्या तिकडच्या. त्या एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. मंजुश्री त्यांची पाटलीण. मेळ्याच्या दिवशी पाचच्या ठोक्याला पाटलिणीने स्वतःच्या शेतातून वेस उघडायची. वेस उघडली नाही तर अकराही जणींचा माल आतच सडतो आणि गावकी मोडते. यंदा त्या शेवटच्या फेरीत पोचल्या होत्या. समोर नॉर्वेची गावकी होती. नॉर्वेत बर्फ पडतं एवढं मला माहीत होतं. तिथे ज्वारी पिकवतात हे नव्हतं.

“आन दुसरं सांगू का?” ती भेंडीचं देठ काढत म्हणाली. “माहेरी मंठाळला अप्पाची चौदा एकर. मी सही करून भावाला दिली. दिली ते दिली, त्याचं काई न्हाई. ह्या घराच्या भाडेपावतीवर तुमचं नाव, शेतात तुमच्या भावाचं. माझ्या नावानं जमीन म्हणून व्हती ती तेवडीच. लिंबाचं वावर, वढ्याकडचं, मळईचं. नावं बी मीच दिलती.”

ती नावं मी ओळखली. मंठाळच्या शेतांचीच नावं होती. सव्वातीन वर्षं माझ्या शेजारी बसून ही बाई आपल्या माहेरचं शिवार पुन्हा पेरत होती आणि मला वाटत होतं, ती वेळ घालवते आहे.

मी शर्ट घातला. काय करायचं ते माहीत नव्हतं, पण शर्ट घातल्याशिवाय कुठलंच काम गंभीर वाटत नाही.

पहिल्यांदा कंपनीला पत्र लिहिलं. सुंदर मराठीत, तीन परिच्छेद, शेवटी ‘कळावे’. पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर येतं तेव्हा पलीकडे माणूस नसतो, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझ्या भाषेचा परिणाम.

‘प्रिय मौल्यवान शेतकरी, आपली गैरसोय ऐकून आम्ही उत्साहित आहोत. आपले तिकीट उघडले आहे. कृपया खेळाडू क्रमांक द्या. तो आपल्या शेतातील घराच्या दारावर आढळेल.’

मी लिहिलं, घरच गेलंय. उत्तर आलं, ‘प्रिय मौल्यवान शेतकरी, घराबद्दल अभिनंदन.’

मंगळवारभर हा पत्रव्यवहार चालला. मी विनंती केली, मी निषेध नोंदवला, मी ग्राहकाच्या हक्कांवर एक उतारा लिहिला. बुधवारी सकाळी शेवटचं आलं: ‘आपले खाते अतिथी आहे. अतिथीची माहिती आपल्या यंत्रात स्थानिक ठेवली जाते, आमच्या सर्वरवर नाही. मालकीचा पुरावा असल्यास पाठवा. अन्यथा आपले तिकीट अठ्ठेचाळीस तासांत मरेल.’

हे मी मोठ्याने वाचलं, आणि जिन्यावरून आवाज आला, “पुरावा कशाचा मागायलेत?”

जिन्यावर बसवंतप्पा अण्णा होते. ते आमचे घरमालक, वरच्या मजल्यावर राहतात. एकतीस वर्षं भूमापन खात्यात साखळी ओढून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे मोजायला काही राहिलेलं नाही, त्यामुळे ते संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालून अंगण मोजतात, आणि दरवेळी ते माझ्या बाजूने चार बोटं पुढे आलेलं निघतं.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. त्यांनी चष्मा पुसला.

“किती एकर म्हणलाव?”

“सत्तेचाळीस.”

“गुंठे?”

“गुंठे... नाहीत.”

“एवडी जमीन आन गुंठे न्हाईत? मोजणीच चुकलीया. बरं, पहाणी काढली का?”

महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात त्याला आमच्याकडे पहाणी म्हणतात. मी म्हणालो, “अण्णा, मोबाइलमधल्या जमिनीची पहाणी नसते.”

“म्हणूनच गेली,” ते म्हणाले.

मी त्यांना कोरा कागद आणून दिला.

अण्णा कागद घेऊन आमच्या पलंगावर बसले. “सर, रेकॉर्ड जळालं, वाळवीनं खाल्लं, पुरात गेलं, तर आमी काय करत व्हतो? शेजाऱ्याला इचारत व्हतो. जमीन एकटी नसती. तिला चार बाजू आसत्यात. तुमचा कागद गेला तरी शेजाऱ्याच्या कागदावर तुमचं नाव ऱ्हातंच: ‘पूर्वेस अमुकाची जमीन.’ बोलवा मंजुश्रीला. चतुःसीमा लिहू.”

मी वैतागलो होतो. राज्यशास्त्राचा अधिव्याख्याता, बुधवारची रजा टाकून, चित्रातल्या म्हशींच्या कुरणाच्या हद्दी लिहून घेतोय! पण मंजुश्री सोमवारपासून पहिल्यांदा पदराला हात पुसत पलंगाजवळ येऊन बसली होती. मी पेन उघडलं.

“पूर्वेस?”

“औरादच्या तुळजाचा ऊस.”

“पश्चिमेस?”

“धनलक्ष्मीची केळी.”

“उत्तरेस?”

“वढा. आन दक्षिणेला काई न्हाई. पडीक.”

“पडीक लिहा सर,” अण्णा म्हणाले. “पडीक सुद्दा हद्द आसती. आता पंच पायजेत. शेजाऱ्याला फोन लावा.”

तुळजाला फोन लावला. ती शेळ्यांमागे होती. तिचं बोलणं आणि शेळ्यांचं बोलणं एकत्रच येत होतं. मंजुश्रीने विचारलं, “तुळजा, तुझ्या शेजारी माझं शेत दिसायलंय का ग? आसंल तर फोटो पाठव.”

“शेत न्हाई दिसत वयनी, धुकं आलंय तितं. पर तुमी दिसायलाव की!”

“मी कुटं दिसायले?”

“गावकीच्या यादीत. पयलंच नाव. ‘पाटलीण मंजुश्री’. आन खाली लांबलचक नंबर हाय. काढू का फोटो? ए हाड! तुमाला न्हाई वयनी, शेळीला.”

कंपनी मागत होती तो खेळाडू क्रमांक हाच. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावत होते. माणसाने विजयात किती नम्र असावं हे मी त्या दिवशी पाहिलं. टोपण लावायला त्यांना पूर्ण एक मिनिट लागलं.

मी लगेच मडिवाळप्पाला फोन केला. त्यालाही धक्का बसला. “हौ सर! शेत लोकल था, मगर गावकी सर्वर पे है! दस जणींच्या फोनात एकच यादी दिसायची म्हंजे ती सर्वरवरच पायजे. ये मेरेकू कैसा नै सूझा?”

दुपारपर्यंत दहाही जणींचे फोटो आले. धनलक्ष्मीने सोबत ध्वनिसंदेश पाठवला, “आक्का, कंपनीला सांगा, आम्ही साक्षीला येतो. गाडीभाडं पण नको.” उदगीरच्या एकीने कहर केला. मंजुश्रीने तीन दिवाळ्यांना पाठवलेली भेटीची जांभळं तिने न खाता कोठारात तशीच ठेवली होती. तिने कोठाराचाच फोटो पाठवला.

एवढ्यावर पत्र पाठवता आलं असतं. पण अण्णा आता एकतीस वर्षांच्या वेगात होते. “नोटरी पायजे,” ते म्हणाले. “शिक्का न्हाई तो कागद कागदच न्हाई.”

गुरुवारी आम्ही नोटरी वकिलाकडे गेलो. त्यांच्या टेबलाशी मंठाळचा भीमण्णा टंकलेखन करतो. अण्णांनी मजकूर सांगितला आणि भीमण्णाने चार पानं टंकली: ‘मी, मंजुश्री श्रीपतराव बिरादार, राहणार चिटगुप्पा, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, लिंबाचे वावर, ओढ्याकडचे व मळईचे अशी एकूण सत्तेचाळीस एकर जमीन, दोन विहिरी, एकोणीस म्हशी व एक जांभूळ यांसह माझ्या एकटीच्या वहिवाटीत असून...’ पुढे चतुःसीमा, पुढे दहा पंचांची नावं. शेताचा नंबर म्हणून तुळजाच्या फोटोतला तो लांबलचक आकडा. ‘मोबाइल’ हा शब्द चौथ्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत, एकदाच आला होता. वकीलसाहेबांनी तिसऱ्या पानापर्यंत वाचलं, डोळे मोठे केले, मंजुश्रीला बसायला खुर्ची दिली आणि शिक्का मारला. मी उभाच होतो. मला कुणी बस म्हणालं नाही; माझ्या नावाने तर अर्धा गुंठाही नव्हता.

चारही पानं, दहा फोटो आणि कोठार असं सगळं मी कंपनीला पाठवलं. तिकीट मरायला सोळा तास उरले होते.

शुक्रवारी काही आलं नाही. ‘प्रिय मौल्यवान’ही आलं नाही. मंजुश्रीने मला दोन वेळा जेवायला वाढलं आणि दोन्ही वेळा भाकरी ताटात ठेवताना जरा उंचावरून ठेवली. तिकीट मेलं की जगलं याचा पत्ता नव्हता.

शनिवारी सकाळी मात्र दारात जीप थांबली आणि तिच्यातून माझा मेहुणा पिराजी उतरला. पिराजी मंठाळला शेती करतो. वाईट माणूस नाही. फक्त एकोणीस वर्षांत, बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केल्यापासून, तो रिकाम्या हाताने यायचा आणि भरल्या पोटाने जायचा. आज त्याच्या खांद्यावर उडदाचं पोतं होतं आणि हातात तुपाचा डबा. पोतं ठेवून तो जमिनीवरच बसला.

“आक्का, कोरटात जायची काय गरज व्हती? मी मेलो व्हतो का?”

“कोण गेलंय कोरटात?” मंजुश्री म्हणाली.

“भीमण्णानं समदं सांगटलं. लिंबाचं वावर, वढ्याकडचं, मळईचं. चतुःसीमेसगट चार पानं, शिक्का मारून! गावात कुटं तोंड दाखवू मी? दाजी, तुमी तर शिकलेले...”

मी तोंड उघडलं. मंजुश्री म्हणाली, “तुमी चहा ठेवा.”

बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मी चहा ठेवायला गेलो आणि ऐकू यावं म्हणून गॅस बारीक ठेवला.

पिराजी पुढे सरकला होता. “हे बग आक्का, तुज्या मनात आसंल तर लिंबाच्या वावरातलं दोन एकर तुज्या नावानं करतो. विहिरीलगतचं. मी न्हाई म्हणलो का कदी? पर सत्तेचाळीस कामून लिहिलीस ग? अप्पाची समदी मिळून चौदा हाय! बाकीची तेहतीस मी कुटून आणू?”

त्याचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. त्याच वेळी बसवंतप्पा अण्णा, अगदी सहज, हातात कोरा कागद घेऊन जिना उतरले. आणि त्याच वेळी मंजुश्रीचा फोन टिणकन वाजला.

मी चहा तसाच टाकून बाहेर आलो. तिने फोन माझ्याकडे दिला. उत्तर माणसाने लिहिलेलं होतं. त्यात शुद्धलेखनाची एक चूक होती, त्यावरून लगेच ओळखलं.

‘मंजुश्रीताई, अतिथीचं शेत फोनातच राहतं हे खरं. पण मेळ्याच्या गुणांसाठी दर रविवारी प्रत्येक शेताची एक नक्कल सर्वरवर घेतली जाते. ती कुणाची हे ओळखायला नंबर लागतो, तो तुमच्या शेजारणींच्या यादीतून मिळाला. तुमचं शेत गेल्या रवीवारी होतं तसं परत देत आहोत. सोबतचा संकेतांक टाका आणि कृपा करून या वेळी खातं जोडा. चतुःसीमा लिहून आलेला हा आमच्याकडचा पहिलाच अर्ज. माझे आजोबा तलाठी होते. दोन वेळा वाचला.’

संकेतांक टाकला. तुतारी वाजली. धुकं सरकलं आणि म्हशी दिसल्या. मी मोजल्या. एकोणीस. जांभूळ उभं होतं.

मंजुश्रीने डोळे पुसले आणि फोन भावासमोर धरला. “हे बग पिराजी. ही ती सत्तेचाळीस. खेळातली हाय.”

पिराजीने पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला. मग त्याने इतक्या जोरात श्वास सोडला की तुपाच्या डब्याचं झाकण हललं असेल. “खेळातली व्हय! आग माझे माय! मी रातभर झोपलो न्हाई! उडीद बी आणला की मी!”

“उडीद न्ह्यायचा आसंल तर ने.”

“न्हाई न्हाई, ऱ्हाऊ दे.” तो हसत उठायला लागला.

“बस,” मंजुश्री म्हणाली. तो बसला. “मी तुला फसवून काई घेणार न्हाई. म्हणून दाखवलं. एकोणीस वर्सांखाली सही केली तवा तू मला लुगडं घेतलतास. ते विटलं. मी कदी काई मागटलं?”

“न्हाई.”

“आता बी मागत न्हाई. फकस्त एक सांग. दोन एकराचं आता बोललास, ते खेळातलं बोललास का खऱ्यातलं?”

आत गॅसवर माझा चहा उतू गेला. पिराजीने पोत्याकडे पाहिलं. तुपाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं, पण माझ्याकडे पाहून कुणालाच काही सुचत नाही. शेवटी त्याने बहिणीकडे पाहिलं.

“खऱ्यातलं,” तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, “खऱ्यातलंच बोललो की! विहिरीलगतचं.”

बसवंतप्पा अण्णांनी पेनाचं टोपण काढलं. “पूर्वेस काय येतं, पिराजी?”

रविवारी पाच वाजता आमच्या दिवाणखान्यात अण्णा, मडिवाळप्पा आणि मी असे तिघे रांगेत बसलो होतो. अकरा जणींचा फोन एकाच वेळी चालू होता, तुळजाच्या शेळ्यांसह. मंजुश्रीने वेस उघडली. गाड्या निघाल्या. नॉर्वेवाल्यांनी गहू आणला, लोणी आणलं, कसले तरी मासेही आणले. आमच्या बाजूने ऊस, केळी, तूर आणि मग, शेवटच्या मिनिटाला, उदगीरच्या कोठारातून तीन दिवाळ्यांची जांभळं बाहेर पडली. मेळ्यात जुन्या भेटीला तिप्पट गुण असतात, हे नॉर्वेला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. उदगीरला मात्र माहीत होतं आणि ती तीन वर्षं गप्प बसली होती. सीमा भगिनी मंडळ चार टोपल्यांनी जिंकलं. मडिवाळप्पाने भिंग काढून डोळे पुसले. कडगंचीला त्या संध्याकाळी धनलक्ष्मीने सगळ्या गिऱ्हाइकांना चहा फुकट पाजला म्हणे, आणि विद्यार्थ्यांना अजून कळलेलं नाही की कोणता सण होता.

मग खातं जोडायचं राहिलं होतं. त्याला ईमेल लागतो. मी उदारपणे म्हणालो, “माझा टाक.”

“न्हाई,” मंजुश्री म्हणाली. “माझ्या नावानं काढा.”

काढला. पासवर्ड टाकताना तिने मला तोंड फिरवून बसायला लावलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. त्या कॅलेंडरवर, पुढच्या महिन्यात, एका तारखेला गोल केलेला होता. त्या तारखेला पिराजी, अण्णा आणि आम्ही दोघे एका कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण मला तिथे अजून एका दाखल्यासाठी जायचं आहे. तिथे दोनदा सर्वर बंद पडला, एकदा लेखनिक जेवायला गेला, आणि संध्याकाळी सव्वापाचला मंठाळच्या लिंबाच्या वावरातलं दोन एकर बक्षीसपत्राने मंजुश्रीच्या नावावर झालं. पहाणीवर नाव चढल्यावर तिने तिचा फोटो काढून फोनात ठेवला आणि मूळ कागद ट्रंकेत, साड्यांखाली.

“दोन्हीकडं आसावं,” ती म्हणाली. “लोकल बी आन सर्वर बी.”

या विषयावर मी शिक्षकांच्या खोलीत आता बोलत नाही. तिला बोलावतात.

माझ्याबद्दल म्हणाल, तर ती कोंबडी वाया जाऊ द्यावी असं मला वाटेना. मी माझ्या फोनात खेळ घेतला, खातं जोडलं, आणि गावकीत जागा मिळावी म्हणून अर्ज केला. अकराही जणींनी चार दिवस विचार केला. अण्णांनी सुधारून दिलेल्या चतुःसीमेत आता असं लिहिलेलं आहे: ‘दक्षिणेस, पूर्वी पडीक, हल्ली श्रीपतराव बिरादार यांची अर्धा एकर, कोंबडीसह.’ परवा दुपारी भांडी आवरून झाल्यावर माझ्या फोनवर तुतारी वाजली. तो फेटेवाला म्हातारा हात जोडून उभा होता.

‘पाटलीण मंजुश्री यांनी आपल्याला त्यांच्या शेतात अतिथी म्हणून बोलावले आहे.’

मी अंगठा धुतला, पुसला, आणि जपून दाबला.